न ओळखलेली खिरापत

ज्या गल्ल्यांमध्ये माझे गुडघे फुटले, त्याच गल्ल्या बघायला मी पैसे भरले. यवतमाळातल्या आमच्या जुन्या पुऱ्यात एक माणूस दर रविवारी सकाळी बाहेरच्या लोकांना पायी फिरवतो, हे मला कळलं तेही अमरावतीला, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या टेबलावरची बाई मोबाइल पुढे करून म्हणाली, "हे तुमच्याकडचं ना हो?" पाहते तर आमच्या घरासमोरची पायऱ्यांची विहीर. काठावर टोपी घातलेला एक माणूस उभा, आणि पाच-सहा जण माना वाकवून जाळीतून आत बघतायत. माणूस सांगत होता, "या विहिरीपाशी एक माहेरवाशीण..." आणि तिथेच व्हिडिओ संपला. हातातला घास मी डब्यात परत ठेवला.

ती माहेरवाशीण म्हणजे माझी मोठी बहीण.

मी येत्या रविवारचीच जागा धरली. ठरवलं होतं ते साधं होतं. तो काय सांगतो ते ऐकायचं आणि सगळ्यांसमोर त्याचं तोंड बंद करायचं. आई त्याच घरात एकटी राहते आणि तिची खिडकी विहिरीवरच उघडते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्याच मेलेल्या मुलीची कथा दर आठवड्याला खिडकीखाली उभं राहून ऐकवणाऱ्या माणसाला काय काय बोलायचं, ते मी बसमध्ये मनाशी घोकत होते. आई कितीतरी दिवसांपासून फोनवर म्हणायची, "रविवारी सकाळी फोन नको करत जाऊ." त्याचं कारण आता कळलं असं मला वाटलं. बिचारी दारं-खिडक्या लावून देवघरात बसत असणार.

आईला न सांगताच गेले. आमच्याकडे गाडीवरून जाणारी प्रत्येक मुलगी तोंडाला स्कार्फ बांधते, तसा मीही बांधला. डोळे सोडून काही दिसत नव्हतं. वर चष्मा. दसरा होऊन दोन-चार दिवस झाले होते, कोजागिरी यायची होती. चौकाचौकांत देवीच्या मंडपांचे बांबू उतरवणं चाललं होतं. नऊ दिवस जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे आता फाटकी झालर, वाळलेला झेंडू आणि त्यात तोंड घालणाऱ्या गाई होत्या. ऊन ऑक्टोबरचं, सकाळीच चटके देणारं.

मारुतीच्या देवळापाशी आमची फेरी जमली. पुण्याकडचं एक जोडपं, कॉलेजच्या तीन मुली, आणि प्रत्येक गोष्टीवर "पुरावा काय?" विचारणारे एक निवृत्त गृहस्थ. फिरवणारा माणूस चाळिशीचा, अंगाने सुकट, आवाजाने मात्र भरपूर. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दहा-बारा वर्षांपूर्वी, म्हणजे मी लग्न होऊन गेल्यावर, तो इथे राहायला आला, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं. मला म्हणाला, "ताई, तुम्ही यवतमाळच्याच का?"

"नाही, अमरावती," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

माणूस थापाड्या होता. एका नक्षीदार दरवाज्यापुढे उभं राहून त्याने तो भोसल्यांच्या काळातला असल्याचं ठोकून दिलं. तो दरवाजा माझ्या वर्गमैत्रिणीच्या वडिलांनी एका मोडीत निघालेल्या घरातून बैलगाडीत घालून आणला होता आणि चौकटीत बसेना म्हणून खालून कापला होता. कापलेला भाग आजही दिसतो. निवृत्त गृहस्थ पुरावा मागत होते आणि पुरावा त्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. मी स्कार्फच्या आत हसले. आखाड्यात गेलो तर लाल मातीवर सिमेंटची पोती रचलेली. त्यावर तो म्हणाला, "सध्या पैलवान सुट्टीवर हायेत." कॉलेजच्या मुली खिदळल्या. दर्ग्यात त्याने सगळ्यांना आधी चपला काढायला आणि मग गप्प बसायला लावलं, आणि आतल्या म्हाताऱ्याने आमच्या डोक्यांवरून लोबानाचा धूर फिरवला. लहानपणी परीक्षेच्या सकाळी आई आम्हा दोघींना इथे आणायची. धूर डोळ्यांत गेला म्हणून मी चष्मा काढून डोळे पुसले, असं मी सगळ्यांना भासवलं.

खरं सांगायचं तर तोवर मला तो माणूस आवडायला लागला होता, आणि त्याचा मला आणखी राग आला.

कुंभाराच्या ओसरीवर भुलाबाईच्या विकायच्या राहिलेल्या मूर्ती रांगेने मांडलेल्या होत्या. हिरवं लुगडं, मोठे डोळे, शेजारी फेट्यातले भुलोजी. पुण्याच्या बाईंनी एक मूर्ती उचलली तसा तो सांगायला लागला, "ही म्हणजे पार्वती, बाजूले शंकर. भादव्याच्या पुनवेला माहेरी येते. महिनाभर पोरी घरोघरी तिची गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात. कोजागिरीला तिची पाठवणी. अन् रोज गाण्यायनंतर खिरापत. पण खिरापत अशी भेटत नाही. घरची बाई डबा बंद ठेवते, नुस्ता वाजवून दाखवते. पोरीयनं ओळखायचं आत काय हाय. ओळखलं तरच झाकण उघडते."

हे मात्र त्याने बरोबर सांगितलं. आमच्या घरात तर ओळखण्यासारखं काही नसायचंच. दोन खोल्यांचं घर, आईने दुपारी काय भाजलं ते अंगणापर्यंत कळायचं. पण ताई कधीच बरोबर उत्तर द्यायची नाही. घरभर दाण्यांचा खमंग वास सुटलेला असायचा आणि ही गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "भेंडी?" मग "साबण?" मग "बाबांची चप्पल?" आई डबा पोटाशी धरून हसत सुटायची. इतर वेळी आईला हसताना फारसं कुणी पाहिलेलं नाही. ताईचं लग्न झाल्यावरही, भुलाबाईसाठी माहेरी आली की, तिचा हा खेळ चालूच असे. पोरी कंटाळून ओरडायच्या, तेव्हा कुठे ती खरं सांगायची.

कुंभाराच्या घरापासून विहीर म्हणजे एक वळण. आईची खिडकी लांबूनच दिसली. ती लावलेली नव्हती, सताड उघडी होती.

"या, इकडं सावलीत या," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. थापा मारतानाचा तो आवाज नव्हता. "या समोरच्या घरची मोठी लेक. नवीनच लग्न झालं होतं. सासरी सुखात होती, सासरचे लोक लई चांगले. त्यायनंच तिले भुलाबाईसाठी माहेरी धाडलं होतं. कोजागिरीची संध्याकाळ. गाणी झाली, खिरापतीचा डबा आला, पण त्या दिवशी तिले काही केल्या ओळखूच येईना. शेवटी म्हणाली, आई, भुलाबाई बोळवून येतो, मंग सांगतो. मूर्ती घेऊन ह्या पायऱ्या उतरली. शेवाळ होतं. मूर्ती पाण्यात सोडली अन् पाय घसरला."

कॉलेजच्या मुलींनी जाळीवर हात ठेवले होते. पुण्याच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी नववीत होते आणि मी तिथे होते. सासरी ती सुखात नव्हती. तिच्या पाठीवर पितळी उलथन्याचा डाग होता, मी तिची वेणी घालताना पाहिलेला. त्या कोजागिरीच्या दुपारी सुपात दाणे पाखडता पाखडता ती आईला म्हणाली, "मी नाई जात आता तिकडं." आई दाण्यांकडे बघत म्हणाली, "येवढ्या डाव जाय. दिवाळीले आणतो तुले." बाबांनी सासरच्यांना निरोप पाठवलेला होता, ते दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते. ताई पाखडत राहिली. संध्याकाळी गाणी झाली, आईने डबा वाजवला, आणि ताई ताबडतोब म्हणाली, "शेंगदाण्याचे लाडू." खेळ सुरू व्हायच्या आधीच संपला. पोरी हिरमुसल्या. मग ती भुलाबाई घेऊन विहिरीवर गेली. आम्ही मागोमाग निघालो तर म्हणाली, तुम्ही व्हा घरी. बराच वेळ झाला तसे बाबा कंदील घेऊन गेले. मूर्ती वरच्या पायरीवर, भिंतीला टेकवून, नीट ठेवलेली होती. भुलाबाई कोरडी होती. सगळ्या गल्लीने ती कोरडी मूर्ती पाहिली, आणि सगळ्या गल्लीने पोलिसांना सांगितलं की पोरीचा पाय घसरला. त्यानंतर जाळी बसली.

ही गल्ली आमच्या भल्यासाठीच खोटं बोलली, हे मला माहीत आहे. पण ज्याने तिला डागलं त्याचं वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं. त्याच्या दुकानावर आजही गर्दी असते.

"सासरी सुखात होती," मी म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. सगळे वळले.

"घरच्यांनीच, ताई."

"कोणत्या घरच्यांनी? कोण आहे त्या घरात?"

निवृत्त गृहस्थांना आनंद झाला. शेवटी कुणीतरी पुरावा मागत होतं. तो माणूस मात्र चिडला नाही. त्याने टोपी काढली, खिडकीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "मावशी! या वो, पाहुणे आले."

खिडकीत बसलेली आई उठली. म्हणजे ती तिथेच होती, सुरुवातीपासून, पडद्याच्या आड. दार उघडून ती ओट्यावर आली. इस्त्रीचं लुगडं, केस नीट बसवलेले, आणि पोटाशी तोच पितळेचा डबा. तिने तो वाजवला.

"ओळखा पाहू," आई म्हणाली.

कॉलेजच्या मुलींनी विचारलं, "गोड की तिखट?" आई म्हणाली, "तेच तं ओळखाचं हाये." पुण्याचा माणूस म्हणाला, चकली. आई हसली. कुणी म्हणालं चिवडा, कुणी बर्फी. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला आई डबा पोटाशी धरून हसत होती. ते हसू मी पंचवीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो माणूस बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत होता, लोकांकडे नाही. शेवटी पुण्याच्या बाई म्हणाल्या, "लाडू? शेंगदाण्याचे?" आईचं हसू थांबलं. तिने झाकण काढलं आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक लाडू ठेवला. माझ्यापर्यंत आली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि लाडू न ठेवता पुढे गेली.

फेरी तिथेच संपत असे. माणसं फोटो काढून पांगली. तो माणूस माझ्याजवळ येऊन काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात ओट्यावरून आई म्हणाली, "जाऊ दे बाप्पा. माही पोरगी हाये ती." मग मला म्हणाली, "घरात ये अन् सोड थो स्कार्फ. उकडत असन."

घरात तोच वास होता. सुपात दाण्यांची लाल सालं पडली होती. मी स्कार्फ सोडला आणि बसमध्ये घोकलेलं सगळं त्या माणसाऐवजी आईला बोलले. भाषाही माझी उरली नाही, लहानपणची झाली.

"काहून सांगतलं तू त्याले असं? सुखात होती म्हणे! तुले माहीत नाही का तिची पाठ? दर आयतवारी तू त्या लोकायले सोडून देते. चांगले लोक म्हणते त्यायले!"

आई पाणी भरून आली. भांडं माझ्यापुढे ठेवून खाली बसली.

"त्यायले कायचं सोडतो मी," ती म्हणाली. "मीच सुटतो थोडीशी. अर्धा घंटा."

आई सुपातली सालं एका बाजूला करत होती. बोटं थांबत नव्हती.

"थो आला होता पहिल्यांदा इचाराले, मावशी, या विहिरीची काय गोष्ट हाये म्हणे. म्या खरंच सांगणार होतो. देवाची आण. पण ते लोक वाईट होते म्हणलं, का पुढं येतेच, मंग तुम्ही काहून धाडून राह्यले होते तिले? थे सांगा लागते. तिनं मले म्हणलं होतं, नाई जात म्हणून. इथंच बसून म्हणलं. थे माह्या तोंडातून निघत नाही. तुह्या बाबाजवळ बी नाही निघालं, मरेपर्यंत."

"मी ऐकलं होतं," मी म्हणाले. "मी इथंच होते."

"मले माहीत हाये तू होती."

इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी ताईचं ते वाक्य एकमेकींसमोर उच्चारलं नव्हतं. मला वाटायचं, मी ऐकलं हे तिला माहीत नाही, आणि तिला कळू नये म्हणून मी सणावाराला यायचं टाळत गेले होते. ती सालं बाजूला करत राहिली. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं एकही दुसऱ्यामुळे कमी झालं नाही. अजूनही झालेलं नाही. तो माणूस पुढच्या रविवारीही तीच गोष्ट सांगणार होता, आणि मी त्याला अडवणार नव्हते, एवढं मात्र मला तिथे बसल्या बसल्या समजलं.

"अन् तिला ओळखता आलं नाही, हे?" मी विचारलं. "ते कशाला बदललं? त्यात कुणाचं काय होतं?"

आईची बोटं थांबली.

"तिनं पहिल्याच खेपेले ओळखलं," ती म्हणाली. "कधी ओळखत होती का थे? लग्न झालं तरी भेंडी म्हणे, साबण म्हणे. त्या दिवशी एकदम खरं सांगून टाकलं. तिले घाई होती. पोरी, तवाच मले समजाले पायजे होतं. म्या झाकण उघडून लाडू वाटत बसलो."

बाहेर कुणीतरी मंडपाचे बांबू ओढत नेत होतं, त्याचा खरखर आवाज गल्लीभर येत राहिला. आई उठली. स्वयंपाकघरात जाऊन डबा घेऊन आली. त्यात थोडे लाडू मागे ठेवलेले असावेत, माझ्या वाटणीचे. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. डबा पोटाशी धरला आणि वाजवला. माझ्याकडे बघत राहिली. दाण्यांचं एक साल तिच्या गालाला चिकटलेलं होतं.

"भेंडी," मी म्हणाले.

तिने मान हलवली.

"साबण."

"नाही."

"बाबांची चप्पल."

आई हसली नाही. पण डबा तिने आणखी जवळ ओढला, झाकणावर हात घट्ट दाबून धरला आणि म्हणाली, "अजून सांग."

मी चुकीचं सांगत राहिले.